तीनशे ताकदीचा चपरासी

"पहले फेंटो," असं म्हणून ताईजी उजवा हात टेबलावर उताणा ठेवत आणि समोरच्याकडे नव्हे, रस्त्याकडे बघत. समोरचा हातातले पत्ते पिसून पालथे धरी. त्यातला एक त्या न बघता ओढत. तो पत्ता त्या डावापुरता गेला.

आमच्या हिंदी दैनिकात त्या मुद्रितशोधक होत्या. वय सत्तावन्न. घर झाशीत पिढ्यानपिढ्या राहिलेलं, मराठी. माझ्याशी त्या मराठीत बोलत, बाकी जगाशी हिंदीत. ऑफिसात त्यांना ताईजी म्हणत. लक्ष्मी गेटजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात कॉलेजची मुलं रविवारी दुपारी राक्षसांच्या पत्त्यांचा खेळ खेळत. तिथे त्या मौसी होत्या. भाच्याला पत्ते घेऊन द्यायला गेल्या होत्या. भाच्याचा नाद सुटला, यांचा राहिला. मी नुसता बघायला सोबत जाई.

तुम्ही हा खेळ पाहिला नसेल, तर एवढं पुरे: प्रत्येक राक्षसाच्या पत्त्यावर त्याची ताकद छापलेली असते. मुलांचे राक्षस अडीच-तीन हजारांचे. ताईजींचा तीनशेचा. खांद्याला पिशवी लावलेला एक हडकुळा, वाकलेला प्राणी. गुण एकच. आडवं यायला कोणी नसताना त्याचा वार थेट खेळाडूवर पडला, की त्या खेळाडूच्या हातातला एक पत्ता जायचा.

मुलं त्याला चपरासी म्हणत.

"मौसी, इस चपरासी को कब तक पालोगी?"

"फाइल चपरासी ही गायब करता है बेटा, साहब नहीं."

त्या त्याला कधीच आधी पुढे काढत नसत. आधी दुसऱ्या एखाद्या पत्त्यानं समोरचा राक्षस हटवायचा, मोकळ्या वाटेनं याला पाठवायचं, वार झाला की लगेच परत हातात घ्यायचं. हे सगळं पहिल्या चार-पाच फेऱ्यांत. "नंतर त्यांचे हात रिकामे होतात," त्या मला म्हणाल्या होत्या. "रिकाम्या हातातून काय काढणार?" तेव्हा मग त्या चपराशाचा बळी देऊन दुसरा राक्षस आणत. त्याचं त्यांना वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

कानपूरच्या स्पर्धेला दुकानाकडून तिघांचा संघ जायचा होता. दोन जागा भरल्या होत्या. दुकानदार म्हणाला, "मौसी, खेल आपका बढ़िया है. बस चपरासी निकाल दो, तीसरी जगह आपकी."

ऑफिसात वरच्या जागेसाठी त्यांना तीनदा डावललं होतं. काम उत्तम आहे, फक्त जरा पद्धत बदला, असं दर वेळी सांगून. दुकानदाराचं ऐकून त्या माझ्याकडे वळल्या. "इथे तरी मी माझ्या पद्धतीनं जाईन. नाही तर जाणारच नाही." मग त्याला म्हणाल्या, "नहीं निकालूँगी. जो सबसे तगड़ा हो, उसे बिठाओ. हारी, तो घर बैठूँगी."

समोर इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी बसला. त्याचा सगळा खेळ तीन हजारांच्या एका राक्षसावर उभा होता, आणि तो उतरवायची तयारी होईपर्यंत त्याला तो हातात धरून ठेवावा लागे. चपराशाच्या पहिल्या वारात त्याचा एक फालतू पत्ता गेला. मुलं हसली. दुसऱ्यात आणखी एक, जरा बरा. कोणी हसलं नाही. तिसऱ्या वाराला तो पत्ते छातीशी धरून म्हणाला, "मौसी शीशे में देख रही हैं."

त्याच्या पाठीमागे दुकानाचं काचेचं कपाट होतं. काचेत त्याचे पत्ते खरंच दिसत असावेत. मी उठून पाहिलं नाही.

ताईजी उठल्या. "खड़े हो जाओ. इधर बैठो." त्यांनी जागा बदलल्या. आता कपाट त्यांच्या पाठीशी आलं आणि काचेत त्यांचेच पत्ते दिसू लागले.

"मौसी, अब तो मुझे आपके दिखेंगे."

"देखो. जी भर के देखो. अब निकालूँ?"

त्याच्या हातात चार पत्ते होते. त्यानं ते पुन्हा पिसले. ताईजींनी एक ओढला. तीन हजारांचा राक्षस.

चारात एक, हे मी तेव्हाच मोजलं होतं. पुढचा डाव लांबला, पण त्याला दुसरं काही येत नव्हतं. शेवटी त्यानं स्वतःच पत्ते खाली ठेवले.

बाहेर पडताना मी विचारलं, "नशीब ना, ताईजी?"

"नशीबच. पण मी तिसऱ्यांदा मागत होते."

दुकानदार मागून ओरडला, "मौसी, कानपुर में तो निकाल दोगी ना?"

"वहाँ दो रखूँगी."

कानपूरला मी गेलो नाही. सोमवारी त्या वेळेवर आल्या, चष्मा पुसला.

"काय झालं?"

"दुसऱ्याच फेरीत हरले."

"आणि ते दोन?"

"दोन्ही होते," त्या म्हणाल्या आणि पहिल्या पानाचं प्रूफ पुढे ओढून कामाला लागल्या. वर्षभरानं त्या निवृत्त झाल्या आणि मध्य प्रदेशात सागरला बहिणीकडे राहायला गेल्या. जाताना पत्त्यांचा डबा त्यांनी सामानात टाकला नव्हता. हातात घेतला होता.