वरच्या कमानीचे रंग

लिंबाजी गेल्याचं मला कळलं ते मंगळवारी सकाळी सव्वासातला, माजलगावात, त्याच्याच पिठाच्या गिरणीच्या पायरीवर. मांडीवर पाच किलो ज्वारीचा डबा होता. मला धरून पाच माणसं नंबर लावून बसली होती आणि दार बंद होतं. आतल्या घरातून त्याची बायको कौसाबाई बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "दळण घेऊन जावा समदे. मालक उठले न्हाईत." कुणाला आधी समजलंच नाही. रांगेतली गयाबाई म्हणाली, "उठले न्हाईत तर उठवा की." कौसाबाई तिच्याकडे नुसती बघत राहिली… मग समजलं. मी मान वळवली ती भिंतीवरच्या चौकटीकडे. तिथे सोमवारचा फोटो होता. बाभळीला लटकलेलं सुगरणीचं घरटं आणि खाली खडूनं लिहिलेला प्रश्न, 'दार खालून कावून?'

ही चौकट लाकडी, दोन फूट बाय दीड फूट, काच लावलेली, चार खिळ्यांवर. लिंबाजीनं ती चौदा वर्षांपूर्वी लावली. कारण साधं होतं. दळणाच्या नंबरावरून बायकांची भांडणं व्हायची आणि त्याला भांडणाचा कंटाळा होता. रद्दीतल्या एका मासिकातलं बर्फाच्या कणाचं चित्र त्यानं कापून लावलं. सहा पाकळ्यांचं, जाळीदार. त्या दिवशी कुणी भांडलं नाही. गयाबाई म्हणाली, "हे रांगोळीचं हाय." एक म्हातारा म्हणाला, "विणकाम हाय." तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी नवं चित्र. कधी डासाचा डोळा, कधी लेण्याच्या छतावरचं कमळ, कधी धावणारा घोडा, चारही पाय हवेत. आधी रद्दीतून, पुढे फोन आल्यावर फोनमधून, स्टुडिओत छापून घेऊन. त्याची एक वही होती. त्यात चित्राचा नंबर, चित्र काय, प्रश्न काय आणि शेवटचा रकाना 'उत्तर कोणी आणलं'.

कारण लिंबाजीचा एक नियम होता. उत्तर तो कधी सांगायचा नाही. ज्यानं त्यानं बघून आणायचं. त्याचं घर मेंढरं राखणारं. लहानपणी बाप त्याला डोंगरात नेऊन विचारायचा, ह्या मेंढीच्या पायात काटा हाय, कोणत्या? आणि पोरगं शोधेपर्यंत गप्प बसायचा. तीच सवय त्यानं गिरणीत आणली. घोड्याचा फोटो लावला तेव्हा देवबा नावाचा एक मेंढपाळ दोन दिवस मेंढरांमागे पळून आला आणि म्हणाला, "घोड्याचं मला म्हाईत न्हाई. पन मेंढराचे चारी पाय वर असत्यात. मी झोपून बघितलं." वहीत नाव लागलं, देवबा.

मी आणि लिंबाजी नववीपर्यंत एका बाकावर. मी पुढे धरणावर लागलो. पाण्याची पातळी मोजायची, पाऊस मोजायचा, वेळेवर लिहायचं. आकड्यांत चूक झालेली मला चालत नाही, माझी असो की दुसऱ्याची. एकदा त्यानं सूर्यफुलाचा फोटो लावला, प्रश्न होता 'बिया कशा बसल्यात?' मी शेतातून एक फूल आणून पेनानं खुणा करत मोजलं. एका बाजूला वळणाऱ्या ओळी चौतीस, दुसऱ्या बाजूला पंचावन्न. तो आणखी तीन फुलं घेऊन आला. तिन्हीतही तेच. तेव्हापासून गिरणीत माझा शब्द पक्का मानला जाऊ लागला. "उत्तमनं मोजलंय," एवढं म्हटलं की वाद संपायचा. मला ते आवडायचं, हेही लिहिलं पाहिजे.

नऊ वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी चौकटीत इंद्रधनुष्य आलं. एक नाही, दोन, एकावर एक. मी गर्दीतून पुढे जाऊन नीट पाहिलं. खालच्या कमानीत वरून खाली ता-ना-पि-हि-नि-पा-जा, शाळेत शिकवलं तसं. वरच्या कमानीत सगळं उलटं, तांबडा आतल्या कडेला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "लिंबाजी, उतरव हा. खोटा आहे. खालचंच उलटं करून वर चिकटवलंय. लोक फसतील."

तो म्हणाला, "असं असंल का रे?"

"रंगांचा क्रम बदलत नसतो. फोनमधलं काहीही लावतोस बे."

तो स्टुलावर चढला, काच काढली, फोटो उतरवला. वाद घातला नाही. पुढचा सोमवार आणि गुरुवार चौकट रिकामी राहिली. गयाबाईनं विचारलं, "चौकट उपाशी कावून?" तर म्हणाला, "उत्तम रागावलाय." लोक हसले, मीही हसलो. त्यानंतर प्रत्येक फोटो आधी मला दाखवून मगच लावायचा. हळूहळू त्यानं फोनमधले फोटो घेणंच कमी केलं. स्वतःच काढायला लागला. धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात येणारे पक्षी, चुन्याच्या भिंतीवर पावसानं उमटलेले आकार, भिंगाखालची ज्वारीची तुसं. गिरणीत उन्हाची तिरीप यायची, त्यात पीठ तरंगायचं आणि त्या पिठातून ही चित्रं अशी दिसायची की जणू ती भिंतीवर नाहीत, हवेत आहेत. पट्ट्याचा आवाज, गरम पिठाचा वास, आणि आपण कुठे बसलोय हे माणूस घटकाभर विसरायचा. डबा भरला की कुणीतरी कोपरानं ढोसायचं.

पाऊस पडून ऊन आलं की लिंबाजी गिरणी बंद करून सायकलवर धरणाच्या भिंतीवर यायचा. गिऱ्हाईक ओरडायचं. मला तो दिसायचा, भिंतीच्या टोकाला, उन्हाकडे पाठ करून उभा. मला वाटायचं, हवा खायला आलाय. मी खाली वाकून पट्टीवरचा आकडा वाचत असायचो.

गेल्या वर्षी परतीच्या पावसात, संध्याकाळच्या नोंदीच्या वेळी, माझा चष्मा भिजला. पुसायला काढला, परत घातला आणि मान वर गेली. पूर्वेला काळ्या ढगावर दोन कमानी उभ्या होत्या, पाण्यात टेकलेल्या. मी रंग मोजले. खालची बरोबर. वरची फिकी, रुंद, आणि तांबडा आतल्या कडेला. परत मोजले. तीन वेळा. दोन कमानींच्या मधलं आभाळ बाजूपेक्षा गडद होतं, तेही फोटोत तसंच होतं, मला आठवत होतं. अकरा मिनिटं टिकलं ते. पातळीची नोंद त्या दिवशी मी अकरा मिनिटं उशिरा केली.

लिंबाजीला सांगायला हवं होतं, दुसऱ्याच दिवशी. पण गिरणीत लोक होते. मग दिवाळी आली. मग वाटलं, एवढ्या वर्षांनी काय. मग वाटलं, बोलू निवांत… असं जवळजवळ वर्ष गेलं. ज्या माणसानं माझ्या एका वाक्यावर चौकट रिकामी केली, त्याला एक वाक्य सांगायला मला वर्ष पुरलं नाही. शेवटच्या सोमवारी मात्र मी ठरवून गेलो. गहू घेऊन गेलो, घरातलं पीठ संपलं नव्हतं तरी. गिरणी चालू होती. मी त्याच्या कानाशी म्हणालो, "तो दोन कमानींचा फोटो आठवतो का तुला?"

त्यानं कानाला हात लावला. "काय म्हनतो?"

बाजूला गयाबाई टक लावून बघत होती. मी म्हणालो, "जाडसर दळ म्हणतो."

"गहू जाडसर? लापशी करतो का बे?" असं म्हणून तो हसला. भुवयांवर पीठ होतं. मी दळण घेऊन घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ज्वारीचं निमित्त घेऊन पुन्हा पायरीवर जाऊन बसलो.

तेराव्यानंतर कौसाबाईनं मला बोलावलं. गिरणी ती चालवणार होती, चौकटीचं काय करायचं ते मी सांगावं असं तिला वाटत होतं. तिनं वही आणि पत्र्याचा डबा पुढे ठेवला. मी वही मोजली. एक हजार चारशे एकतीस ओळी. त्या गुरुवारच्या ओळीत 'दोन इंद्रधनुष्यं' आणि शेवटच्या रकान्यात, 'खोटा. उत्तम.' मी तिला म्हणालो, "वहिनी, हे माझं चुकलं होतं. मी बघितलंय. तो फोटो खरा होता."

ती म्हणाली, "मालकाला ठाव होतं."

डब्यातून तिनं तो फोटो काढून दिला. मागच्या बाजूला लिंबाजीचं अक्षर. 'उत्तम म्हणतो खोटा. बघायचं.' त्याखाली ओळी. 'पोळ्याच्या आदल्या दिवशी. एकच.' 'दसऱ्याला. एकच.' 'ढग आले, ऊन न्हाई.' अशा तेवीस ओळी. चोविसावी, चार वर्षांपूर्वीच्या भाद्रपदातली. 'दोन दिसले. वरचे रंग उलटेच. उत्तम वीस पावलांवर खाली आकडा लिहीत होता. हाक मारणार होतो. मारली न्हाई. ज्याचं त्यानं बघावं.'

चार वर्षं. त्या चार वर्षांतही तो प्रत्येक फोटो आधी मला दाखवतच होता.

"मी म्हनलं, सांगून टाका की त्यास्नी," कौसाबाई म्हणाली. "तर म्हनायचे, न्हाई, त्येला दिसंल तवा तो आपनहून यील. त्या दिवशी च्या ठिव, लई बोलंल."

मी चहा घेतला. फार बोललो नाही.

गुरुवारी मी स्टुलावर चढून काच पुसली, सुगरणीचं घरटं काढून डब्यात ठेवलं आणि दोन कमानी लावल्या. खडूनं प्रश्न लिहिला, 'वरचे रंग उलटे कावून?' कौसाबाईनं पट्टा चालू केला. पीठ उडायला लागलं, काचेवर बसायला लागलं. गयाबाई डबा घेऊन आली, बराच वेळ वर बघत राहिली.

"हा तर तू खोटा म्हनला व्हता ना?" ती म्हणाली. "मग आता खरा हाय का खोटा?"

"बघून या," मी म्हणालो.

मग वही उघडली. माझं 'खोटा' खोडलं, खाली सही केली. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'उत्तर आणलं : लिंबाजी.' जागा होती तरी त्याच्या शेजारी माझं नाव घातलं नाही. वही कौसाबाईच्या हातात दिली.