बिनफोडणीची सकाळ

वाईनचा घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकून टाकायचा, हा माझा पोटापाण्याचा धंदा. परदेशात तो शिकले आणि तिथल्याच एका कंपनीसाठी करते. ती कंपनी विंचूरकडची वाईनही घेते, आणि तिचे नमुने इथे नाशिकला, माझ्या घरी येतात. समोरच्या काकूंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "थुंकायला एवढं शिकावं लागतं?"

आमच्या इमारतीत सकाळी नाकाला उसंत नसते. खालची मल्याळी नर्स खोबरेल तेलात कढीपत्ता टाकते, वरच्या बंगाली वहिनी मोहरीच्या तेलात मासे तळतात आणि काकूंचे यजमान नामपूरच्या शेतातला कांदा पोत्यांनी आणून जिन्यात ठेवतात. मला हे सगळं मनापासून आवडतं. परदेशातल्या माझ्या जिन्यात नुसता फिनेलचा वास यायचा, आणि शेजारी भेटलेच तर हवामानावर बोलायचे.

पण वाईन बिघडली की तिला कधीकधी कांद्यासारखा वास येतो, आणि तिथेच माझा घोटाळा झाला. लागोपाठ तीन नमुन्यांवर मी 'कांदा' असा शेरा मारला. प्रयोगशाळेत तिन्ही निर्दोष निघाले; कांदा आमच्या जिन्यातला होता. कंपनीने कळवलं, आता चार बाटल्या पाठवतोय, त्यातली एक मुद्दाम बिघडवलेली आहे. ती ओळखता आली नाही तर शहराबाहेरच्या, शेजार नसलेल्या फ्लॅटमध्ये राहायला जा, नाहीतर काम सोडा.

आधी मी घरातल्या घरात तणतणले. मग मुकाट्याने दारोदार फिरून एका सकाळची भीक मागितली. अकरापर्यंत कुणी फोडणी देऊ नका.

काकूंनी कपाळाला हात लावला. काका मात्र लगेच पोती उचलायला लागले. "कांदा मना शे, पन नाक तुनं शे," अहिराणीत म्हणाले आणि पोती गच्चीवर घेऊन गेले. वहिनींनी मासे फ्रीजमध्ये कोंबले. नर्सने कोरडा ब्रेड खाल्ला. काकूंनी तर त्या दिवशी उदबत्तीही लावली नाही. देवाला काय कारण सांगितलं कोण जाणे.

त्या सकाळी इमारतीला कसलाच वास नव्हता. मला ते भलतंच भकास वाटलं. पहिली बाटली साफ, दुसरीही साफ. तिसरीत कांदा! बाटलीतला की जिन्यातला? दार उघडून जिना हुंगला, पायपुसणं हुंगलं, स्वतःचे हातही हुंगले. कुठेच काही नव्हतं. चौथी साफ निघाली. 'तिसरी' असं कळवून टाकलं आणि नखं खात बसले.

उत्तर आलं, बरोबर, आहात तिथेच राहा. वर विचारलं होतं, हवा शुद्ध करणारं कुठलं यंत्र बसवलंत?

मी जिन्यात येऊन ओरडले, "ओळखली! मी कुठेही जात नाही!" धडाधड दारं उघडली. वरून वहिनींनी विचारलं, "तो अब तेल गरम करूँ?" काकू मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हे नमुने दर महिन्याला येतात ना गं तुझे?"

आनंदाच्या भरात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता दर महिन्याला सगळ्या इमारतीला उपाशी ठेवायचं? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कसंबसं "हो" म्हणाले.

"मग आदल्या दिवशी सांगत जा," काकू म्हणाल्या. "दहीपोह्यांसाठी रात्रीच दही लावून ठेवता येतं."