खाली बघणारे शिपाई

माझ्या मुलाने एका प्लास्टिकच्या शिपायासाठी अठरा हजार रुपये द्यायचे ठरवले. शिपाई वीतभर उंच. खांद्यात फिरणारे हात, काळे बूट, लाल पट्टा. बंदूक कधीच हरवलेली. नवा असताना हाच शिपाई दादरच्या खेळण्यांच्या दुकानात बारा रुपयांना मिळे आणि तेव्हाही लोक त्याला महागच म्हणत.

मुलगा पस्तिशी ओलांडलेला. लालबागला आमच्या जुन्या चाळीच्या जागी इमारत उभी राहिली, तिच्यात माझी आई, मी आणि तो असे तिघे राहतो. हॉलमधल्या काचेच्या कपाटात त्याच्या ॲक्शन फिगर्स उभ्या असतात. सैनिक, कुस्तीगीर, अंतराळवीर. कपाटाला लागूनच देव्हारा आहे. आजी दिवा लावताना चुकून कुस्तीगिरांनाही हात जोडते, असे तो पाहुण्यांना सांगतो. ते खरे नाही.

एखादी नवी फिगर येते तेव्हा तिच्याबरोबर तक्रारही येते.

"हा गुडघा बघ. पूर्वी आत पिन असायची. आता नुसतं दाबून बसवलंय. भुवईचा रंग कपाळावर गेलाय. आणि किंमत दुप्पट."

"मग घेतोस कशाला?"

"पुढच्या वर्षी अजून वाढेल म्हणून."

नव्या मालाचा दर्जा उतरत गेला तशी या छंदिष्टांमध्ये जुन्या मालाची ओढ वाढली. गिरणी संपाच्या आगेमागे मुंबईत तयार झालेल्या देशी शिपायांना विशेष भाव आला. ते कोणी बनवले, हे कोणाला माहीत नव्हते. खोक्यावर कारखान्याचे नाव नसे. त्यातही एका प्रकाराची किंमत सर्वांत जास्त. या शिपायांची नजर समोर नसते. बुबुळे खालच्या पापणीला टेकलेली असतात. 'खाली बघणारे' असेच त्यांचे नाव पडले आहे. कोणी म्हणे साच्यात दोष होता, कोणी म्हणे खंदकातून खाली पाहणाऱ्या सैनिकाची ती नजर आहे. किंमत चढल्यावर नकलाही निघाल्या. नव्या प्लास्टिकला चहाच्या पाण्याने जुनेपणा आणायचा आणि डोळे खाली काढायचे.

मुलगा हे सगळे मला एका रविवारी फोनवर फोटो दाखवत सांगत होता. मी म्हणाले, "हे डोळे आजीने काढलेत."

वर्तमानपत्रात मी तीस वर्षे उपसंपादक होते. कोणती माहिती किती द्यायची, हे ठरवण्यातच ती वर्षे गेली. त्या दिवशी मी मुलाला निम्मी हकिगत सांगितली, आणि तीही थोड्या अभिमानाने.

सांगितलेली निम्मी अशी. संप सुरू झाला तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, बहीण शाळेत. वडील गिरणीच्या साळखात्यात, मागावर. पगार थांबला. काही महिन्यांनी आईला एका ओळखीतून रे रोडच्या गोदामातले काम मिळाले. गोणीतून सुटे हात, पाय आणि धडाचे अर्धे अर्धे भाग घरी येत. धडाच्या पोकळीत रबराचे कडे घालून दोन्ही हात त्याला अडकवायचे, वरून दुसरा अर्धा भाग चिकटवायचा आणि मग रंग. जोडणी वडिलांकडे. बूट आणि पट्टे आम्हा बहिणींकडे. डोळे आईकडे.

रंगवलेले शिपाई फळीवर ओळीने वाळत आणि त्याच खोलीत आम्ही झोपत असू. पहिल्या ओळी उभ्या राहिल्या तशी आई म्हणाली, "एवढे डोळे अंगावर येतात. झोप कशी लागायची?" दुसऱ्या दिवसापासून तिने बुबुळे खाली ओढली. गोदामवाला कुरकुरला, "बाई, हा लढणार आहे की ताटात बघणार आहे?" पण माल खपला आणि तो गप्प बसला.

माल कसा उतरत गेला, तेही मी मुलाला सांगितले. सुरुवातीचे प्लास्टिक जाड होते, नखाने दाबले जात नसे. पुढे त्यात भंगार मिसळू लागले आणि एकाच शिपायाचे दोन पाय दोन रंगांचे येऊ लागले. मग पाय पोकळ झाले. रबराच्या कड्याच्या जागी साधे इलॅस्टिक आले. पट्टा रंगवायचा बंद होऊन चिकटवायची पट्टी आली. दुकानातली किंमत मात्र दर दिवाळीला वाढत होती. आमचा दर वाढला नाही. शेवटी हात धडालाच जोडून येऊ लागले, डोळे मशीनवर छापले जाऊ लागले आणि आमचे काम संपले. गिरणी तोपर्यंत सुरू झाली नव्हतीच. वडिलांसाठी ती पुन्हा कधी सुरू झाली नाही.

"आई, हे रेकॉर्ड करायला पाहिजे," मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. मी त्याला तिथेच थांबवायला हवे होते.

न सांगितलेली निम्मी हकिगत अशी. हे काम आम्ही दार लावून करत होतो. आमच्या चाळीत दिवसा दार लागे ते घरात आजारपण तरी असले किंवा भांडण तरी. आम्ही आईच्या अर्धशिशीचे कारण सांगितले. संपकऱ्यांसाठी कोकणातल्या गावांहून तांदूळ येत होता. ज्या घरात कसलीच मिळकत नाही त्या घरांना तो आधी द्यायचा, असे चाळीने ठरवले होते. वाटपाचे काम शेजारच्या खोलीतले काका पाहत. ते वडिलांचे गिरणीतले सोबती. ते दारात आले तेव्हा वडिलांनी दार अर्धेच उघडले.

"घरात काय येतं तुझ्या?" काकांनी विचारले.

"काय नाय," वडील म्हणाले.

मागे फळीवर शिपाई वाळत होते. आम्हाला तांदूळ मिळाला. तो आम्ही एकदा नाही, येत होता तोपर्यंत घेत राहिलो. वाटणारा शेवटी घेतो, म्हणून काकांच्या घरी कमी जाई. त्यांची बायको, जिला आम्ही मावशी म्हणतो, मुलांना पातळ पेज घाली. जेवणाच्या वेळी ती मुले आमच्या दारापाशी खेळत. आई तेव्हा कडी काढत नसे.

वडील आणि काका आता नाहीत. मावशी नव्या इमारतीतही आमच्या समोरच्याच घरात राहते आणि रोज दुपारी चहाला आमच्याकडे येते.

अठरा हजारांचा तो शिपाई ज्यांच्याकडे होता, ते माटुंग्याचे एक गृहस्थ. ते विकायला तयार होते. पण नकलांमुळे मुलाच्या मनात शंका होती आणि त्यांनाही आपल्या मालाची खात्री पटवायची होती. आजीला दाखवू, असे दोघांनी ठरवले. मुलाने आजीला एवढेच सांगितले की, एक जण भेटायला येणार आहेत.

"मुलीकडचे?" आईने विचारले. तो हसला. नाही म्हणाला नाही. आईने ठेवणीतली साडी नेसली.

गृहस्थ आले तेव्हा मावशी नेहमीप्रमाणे पलंगावर बसली होती, बशीत चहा ओतून. मला तेव्हा कळायला हवे होते. मी पाहुण्यांना पाणी दिले.

त्यांनी मलमलीत गुंडाळलेला शिपाई काढून टीपॉयवर उभा केला. "आजी, ओळखलंत का? तुमचा पोरगा आलाय घरी, इतक्या वर्षांनी."

"मला पोरगे नाहीत. दोन मुली आहेत," आई म्हणाली.

मावशी खुदकन हसली. गृहस्थही हसले आणि त्यांनी फोन सुरू करून टीपॉयवर ठेवला. "फक्त एकच सांगा. हे डोळे तुमच्या हातचे ना? संपाच्या वेळी तुमचं सगळं घर बसायचं म्हणे याच्यावर. तुम्ही हो म्हणालात की खऱ्याखोट्याचा निकाल लागला."

आईने शिपायाला हात लावला नाही. माझ्याकडे पाहिले नाही, मावशीकडेही नाही. पदराचे टोक गुडघ्यावर नीट केले.

"आमच्याकडे असलं काही नव्हतं."

"आजी, विसरलीस तू," मुलगा म्हणाला. "झोप लागायची नाही म्हणून डोळे खाली—"

"कोणी सांगितलं?"

"आईने."

"तुझी आई कॉलेजात असायची दिवसभर. तिला घरातलं काय ठाऊक?"

गृहस्थ कामाशी काम ठेवणारे होते. ते मावशीकडे वळले. "तुम्ही शेजारीच होता ना तेव्हा? तुम्ही तरी बघितलं असेल."

मावशीने बशी खाली ठेवली. "असला कायेक कोणी करूक नाय, झिला. आमी सगळीच उपाशी होतंव तेवा."

'सगळीच' हा शब्द तिने सावकाश उच्चारला. आई खिडकीकडे पाहत होती.

"मॅडम, तुम्ही पेपरात होतात," गृहस्थ मला म्हणाले. "तुम्ही सांगा, खरं काय ते."

"माझीच गल्लत झाली," मी म्हणाले. "कुठेतरी वाचलेलं घरचं म्हणून डोक्यात बसलं असेल."

ते सभ्य माणूस होते. त्यांनी फोन बंद केला. शिपाई मलमलीत गुंडाळून खोक्यात ठेवायला मुलानेच मदत केली आणि त्यांना पोचवायला तो खाली गेला. शिपाई त्याने घेतला नाही. त्या छंदिष्टांच्या ग्रुपवर आता असे लिहिलेले आहे की, हे शिपाई माहीमच्या एका छोट्या कारखान्यात तयार होत आणि डोळे खाली आहेत ते छपाईतल्या चुकीमुळे. मुलाने ते मला दाखवले आणि माझ्या तोंडाकडे पाहत थांबला. इतरांच्या चुका मी आयुष्यभर दुरुस्त केल्या. ही मी वाचली आणि फोन त्याला परत दिला.

पण हे नंतरचे. त्या दुपारी मावशी उठली, तेव्हा मी तिला हात देऊन तिच्या दारापर्यंत गेले. तिचे गुडघे दुखतात. कुलूप काढता काढता ती काकांबद्दल म्हणाली, "ह्येंका ठावक होता."

"काय?"

"तुमचे बावले. दार उघडलेला तेवा दिसले त्येंका. मी म्हटलंय, मगे तांदूळ कित्याक देतास? तर म्हणाले, दोन चेडवां आसत त्या घरात, गप रव."

दोन चेडवां, म्हणजे आम्ही दोघी बहिणी. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला काही उत्तर देता आले असते.

"मावशी, तुमच्या घरात तेव्हा—"

"आवशीक सांगू नको," ती म्हणाली. "तिका वायट वाटात. जा आता, चाय निवात तुजी."

परत आले तेव्हा आई तशीच बसली होती.

"काय म्हणाली ती?"

"काही नाही."

"दारात एवढा वेळ?"

"गुडघ्याचं सांगत होती."

"मला सांग," आई म्हणाली.

मी सांगितले. खरे बोलायची सवय होती, असे कारण मला देता येणार नाही. थोड्या वेळापूर्वीच एका परक्या माणसासमोर मी सहज खोटे बोलले होते. जिथे खोटे चालले असते तिथे मी खरे बोलले. एवढेच माझ्या हातात होते, की मावशीचे एक वाक्य मी माझ्यापाशी ठेवावे, आणि तेवढेही मला जमले नाही.

आईने सगळे ऐकून घेतले. मग तिने विचारले, "त्यांनी पाहिलं, हे तुझ्या वडिलांना कळलं होतं?"

ते मला माहीत नव्हते. वडील काकांच्या शेजारी बसून रोज संध्याकाळी पेपर वाचत, ते शेवटपर्यंत. दोघांनी कधी अबोला धरला नव्हता. पण काकांसमोर वडील फारसे बोलत नसत, हे मला तेव्हा आठवले. मी ते आईला सांगितले नाही.

"म्हणजे रोज चहाला येते ती—" आई म्हणाली. साडी बदलायला उठली. ठेवणीतल्या साडीची घडी तिने दोनदा मोडून पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. आई खुर्चीत बसली होती, हातात जपमाळ. "झोपले आहे म्हणून सांग," ती म्हणाली.

मी दारात जाऊन मावशीला तसे सांगितले. तेवढ्यात आत आईला खोकला आला. तो दाबायचा तिने प्रयत्न केला, त्यामुळे आणखी जास्त आला. मावशी माझ्या खांद्यावरून आत पाहू शकली असती. तिने पाहिले नाही.

"निजांदे तिका," ती म्हणाली आणि भिंतीला धरून परत फिरली.