एक दात

सात रस्ता चौकामागच्या बोळातले मोटारसायकलचे मिस्त्री इंजिन जोडून झालं की लगेच किक मारत नसत. आधी डोळे मिटून ते हातानंच सावकाश दोन फेरे फिरवून बघत. कुणी घाई केली तर म्हणत, "थांबा की. पायाला कळत न्हाय, हाताला कळतंय."

माझ्या सासऱ्यांच्या जुन्या विलायती मोटारसायकलचं इंजिन त्यांनी पूर्ण खोललं होतं. त्या दिवशी दातेरी चक्रांवरच्या खुणा जुळवून त्यांनी व्हॉल्व्ह चालवणारी कॅमची साखळी बसवली आणि ती ताणायचा बोल्ट आणायला ते आत गेले. साखळी सैल असतानाच मी उगाच गिअरमध्ये असलेल्या गाडीचं मागचं चाक फिरवलं, त्याबरोबर इंजिनही फिरलं. इंजिनात कट्‌ असा आवाज झाला. मी वंगणानं काळे झालेले हात झटकन मागे घेतले.

दुपारचा गिरणीचा भोंगा झाला तेव्हा सासरे मंद्रूपहून आले. मिस्त्री इंजिन हातानं फिरवत होते. अर्ध्या फेऱ्यातच त्यांचा हात थांबला.

"साखळी एक दात सरकलीय. किक मारली असती तर व्हॉल्व्ह वाकला असता."

"असं कसं झालं?" सासऱ्यांचा आवाज चढला.

मिस्त्रींनी माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं. "माज्याकडनंच चुकलं असंल. परत जोडतो की." मग मला चिंधी देत हळूच म्हणाले, "हात पुसा, जावईबापू."

एवढ्या कसबी माणसानं माझी चूक अंगावर घ्यावी, हे मला सोसेना.

"मामा, चाक मी फिरवलं होतं," मी सासऱ्यांना म्हणालो.

ते काही बोलायच्या आत मिस्त्री म्हणाले, "लई बरं झालं सांगितलं. आता हितं बसा. खुणा तुमीच जुळवा."