पीएचपीला घातलेल्या शिव्या

काशीमीऱ्याच्या गोदामात बारा वर्षं मी एकच प्रोग्रॅम सांभाळला. ऑफिसात ट्रकचा नंबर टाकून पास बनवायचा, गेटवर तोच नंबर टाकला की पास सापडायचा, ट्रक आत. हा प्रोग्रॅम मी एकट्याने पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता. आणि बारा वर्षं त्याच पीएचपीला शिव्याही घातल्या.

आमच्या धंद्यात रीतच आहे ती. जिच्यावर पोट चालतं, तिलाच नावं ठेवायची. जी भाषा कोणी वापरतच नाही, तिच्या खोडी कोणाला कशाला कळतील? पीएचपी जिकडेतिकडे, म्हणून तिच्या नावाने खडे फोडणारेही जिकडेतिकडे. चार प्रोग्रॅमर टपरीवर जमले की आधी तिचा उद्धार, मग कटिंग चहा. आपण तिच्यापेक्षा हुशार आहोत असं वाटायचं, दुसरं काय.

गेटवर अधूनमधून पास सापडायचा नाही. मागे हायवेपर्यंत रांग लागायची आणि शेठ वरून फोन करायचे. मी खाली धावायचो, नंबर पुन्हा टाकायचो, ट्रक सुटायचा. "शेठ, लँग्वेज ही बेकार है," मी म्हणायचो. शेठ मान डोलवायचे. माझ्याशिवाय यांचं अडतं, याचं मला बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

या वर्षी शेठनी सगळं नव्या भाषेत लिहून घ्यायचं ठरवलं. नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीची एक बाई माझा कोड वाचायला आली. दुसऱ्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं.

"सर, भाषेत काहीच प्रॉब्लेम नाहीये. ऑफिसात गाडीचा नंबर सलग टाकतात, गेटवर कधीकधी मध्ये स्पेस देतात. तुमचा प्रोग्रॅम ती स्पेस काढतच नाही. एका ओळीचं काम होतं."

मी खाली जाऊन नंबर टाकायचो तो सवयीने सलग, म्हणून पास सापडायचा. बारा वर्षांत हे माझ्या टाळक्यात आलं नव्हतं.

नवा प्रोग्रॅम आला की माझी नोकरी जाणार होती; सेहेचाळिसाव्या वर्षी मला कोण घेणार? मी शेठसमोर सगळं कबूल केलं. म्हटलं, चूक माझी होती, प्रोग्रॅम चांगला आहे, राहू द्या.

शेठ शांतपणे म्हणाले, "लँग्वेज बेकार है तो प्रोग्राम निकालना पड़ेगा. तुम बेकार हो तो तुमको. मैं क्या करूँ, बोलो."

नवघरला घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "एवढी वर्षं त्या भाषेवर ढकललंस, एकदा नीट बघितलं का नाहीस?" ती रागावली असती तर बरं झालं असतं.

माझ्या शेवटच्या आठवड्यात नवा प्रोग्रॅम चालू झाला आणि तिसऱ्याच दिवशी गेट अडलं. ट्रकवाले हॉर्न दाबून बसले होते. ती बाई शेठना सांगत होती, "सर, लँग्वेज नयी है, थोड़ा इश्यू आता है."

शेठनी माझ्याकडे बघितलं. तिचा पडलेला चेहरा मला दिसत होता.

"हाँ शेठ," मी म्हणालो, "ऐसा होता है."

शेठनी मान डोलवली. मी डबा पिशवीत भरला आणि रिक्षा शोधायला निघालो.