वर न जाणारा डोळा

कॉलेजच्या कबड्डीत एकीचं कोपर माझ्या डाव्या डोळ्यावर बसलं. आईनं हळद-तुरटीचा लेप लावला, सूज उतरली, डोळा स्वच्छ दिसायला लागला. झालं, घरच्यांच्या लेखी मी बरी! पण गाल बधिर होता, अन् वर पाहिलं की छताचा पंखा दोन-दोन दिसायचा, पोटात ढवळून यायचं.

"काहून नाटकं करून राहिली वं? रविवारी काटोलचे पाहुणे येऊन राहिले," आई म्हणाली.

पाहुणे म्हणजे मला बघायला येणारे, संत्र्याच्या बागावाले. वर पाहिलं तर ओकारी होईल या धाकानं मी नजर चहाच्या कपांवरच ठेवली. मुलाची आई खूश! "आजकालच्या पोरी कशा टकाटका पाहतात. हिनं डोळा वर केला नाही." तिथंच होकार. असा संताप आला मला! पण त्या कौतुकात मी पुरती अडकले होते.

बाबांनी मात्र दुसऱ्या दिवशी मला मुकाट्यानं मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वर पाहा. उजवा डोळा वर गेला, डावा जागचा हलेना. त्यांनी औषधाचे थेंब टाकून तो सुन्न केला, बारीक चिमट्यानं धरून वर फिरवून पाहिला. छे! मग एक्स-रे पाहून म्हणाले, "खोबणीचं तळाचं हाड मोडलंय. डोळा फिरवणारा स्नायू त्या फटीत अडकलाय. लवकर सोडवला नाही, तर डोळा जन्मभर असाच."

घरी आईनं कपाळ बडवून घेतलं. "लग्न होऊन जाऊ द्या, मंग करा काय करायचं ते! गावभर बोभाटा होईन."

"अन् पोरीनं जन्मभर खालीच पाहावं काय?" बाबा ओरडले. आईवर त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

ऑपरेशन झालं. खालच्या पापणीला चीर देऊन स्नायू मोकळा केला. पट्टी निघाल्यावर काटोलच्या बाई संत्र्यांची टोपली घेऊन आल्या अन् खाटेशी उभ्या राहिल्या.

"दुखते काय वं?"

मी वर पाहिलं. त्यांचा चेहरा एकच दिसला, अन् त्या आनंदात मी पाहतच राहिले. "नाही जी. आता चांगलं दिसते."

आठवड्यात निरोप आला, नको म्हणून. डोळ्याच्या दुखण्याचं काही नव्हतं. पोरगी लय टक लावून पाहते म्हणे.

आई पदरात तोंड घालून रडली. मी उताणी पडून पंखा पाहत होते. एकच होता. मला हसूच आवरेना.