बियाच्या चिंध्या

इंदूकाकीच्या वालाच्या चिंध्या मी सोडल्या त्या धर्माच्या जोरावर. गोष्ट अठ्ठावन्न सालच्या माघातली. आमच्या वस्तीनं दीक्षा घेऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि मी दिग्रसला मॅट्रिक नापास होऊन गावी परतलो होतो. त्यामुळे वस्तीतली अंधश्रद्धा खणून काढायला माझ्यापाशी वेळच वेळ होता.

शेजारची इंदूकाकी शेतात हरभरा सोंगायला निघाली होती. जाता जाता म्हणाली, "भीमराज, वेलाले दोन घागरी टाकजो. अन् तुया मायसाठी भाजीपुरत्या शेंगा ने."

तिच्या न्हाणीमागं मांडव होता. सांडपाण्यावर पोसलेला वाल त्यावर असा पसरला होता की खालून आभाळ दिसू नये. चांगल्या टपोऱ्या शेंगांचे चार घोस खालच्या अंगाला लोंबत होते आणि प्रत्येकाच्या देठाला लाल लुगड्याची चिंधी. मी कपाळावर हात मारला. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणणारी बाई, आणि शेंगांना नजर लागू नये म्हणून चिंध्या बांधते! मी चारही चिंध्या सोडून उकिरड्यात टाकल्या. घोस घरी नेले. भाजी झकास झाली, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी काकी आमच्या दारात उभी.

"चिंध्या कोनं सोडल्या?"

"म्या," मी अभिमानानं म्हणालो. "नजर-बिजर सोडली नं काकी आपन?"

"नजरेच्या नव्हत्या रे बावळटा. बियाच्या होत्या! कोनी तोडू नये म्हून खूण केलती." तिनं चुलीवरच्या रिकाम्या गंजाकडं पाहिलं. "खाल्ल्या?"

माझी आई पदराआड तोंड लपवून बसली.

"नलूच्या होत्या त्या," काकी म्हणाली आणि निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नलू तिची एकुलती पोर. दोन वर्षांमागं राजूरला दिली. जावई कोळशाच्या खाणीत कामाला. मागच्या खेपेला जाताना नलू म्हणाली होती, "आई, घरच्या वालाचं बी राखजो. आमच्या खोलीमागं दोन हात जागा हाये. जयंतीले येईन तवा घेऊन जाईन." पूर्वी लेकी आखाजीला माहेरी यायच्या. आता आखाजी सुटली, तिच्या जागी चौदा एप्रिल आली. काकीनं सगळं नवं बिनतक्रार घेतलं होतं, फक्त लेक येण्याचा दिवस तेवढा पक्का हवा होता.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. काकी वांग्यांच्या बुडाशी माती ओढत होती.

"बाजारातून बी आनून देतो, काकी."

"बाजारातलं बी त राजूरलेबी भेटते. त्याच्यासाठी कायले येईन नलू इथवर?"



मग तिनं मला मांडवावर चढवलं. अगदी शेंड्याला, कडुनिंबाच्या फांदीला लागून, उशिराचे तीन फुलोरे होते, जांभळे. "आता हेच. बाकीच्या शेंगा बारक्या, बियाले नाही चालत," ती म्हणाली. "हे वाळले पाह्यजे जयंतीपावतर. पानी तू टाकाचं. रोज." चिंध्याही माझ्याच हातानं बांधून घेतल्या आणि वर म्हणाली, "प्रतिज्ञा मोडली का रे तुयी?"

त्या दोन महिन्यांत मला महिने कळले ते काकीच्या परसावरून. तिला तारीख विचारली तर ती वेलाकडं बघायची. फुलं गळून नखाएवढ्या शेंगा दिसल्या तेव्हा माघ सरला होता. सांभाराला, म्हणजे कोथिंबिरीला, फुलं आली, मेथी कडू झाली, भेद्रं, म्हणजे टमाटे, एका बाजूनं लाल झाली. कोहळ्याचा नवा वेल वीतभर झाला, मग हातभर. ती सगळं स्वतःच्या अंगानं मोजायची: हा घोट्याएवढा, हा कमरेएवढा. विहीर मात्र रोज खाली चालली होती. फाल्गुनात माझा दोर दोन हात कमी पडला, तेव्हा तिनं वांग्यांचं पाणी तोडून वालाला दिलं. वांगी माना टाकून उभी राहिली. ती त्यांच्याकडं पाठ करून चालायची.

दर आठवड्याला एक कार्ड राजूरला जायचं. ती सांगे, मी लिही.

"लिह्य, शेंगा भरून राह्यल्या. लिह्य, भेद्रं लय झाली, खानारं कोनी नाही."

"काकी, पोस्टमनले वाटन का हे पटवाऱ्याचं कार्ड होय. जरा पोरीले 'ये' त लिहू द्या!"

"नको. कार्ड तिचा नवरा वाचते, सासू आयकते. माय मांगं लागली असं दिसाले नको. तू शेंगाचंच लिह्य."

मी शेंगांचंच लिहिलं. सहा-सात कार्डं झाली. त्यातल्या प्रत्येक ओळीत 'ये' होतं आणि कुठंच नव्हतं.

चैत्राच्या उन्हात शेंगा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी. एका सकाळी वारा आला आणि मांडवावर खुळखुळ वाजलं. काकी हातातली भाकर टाकून बाहेर आली. पुन्हा वारा यायची वाट पाहत उभी राहिली. जयंतीला आठ दिवस होते.

त्याच दुपारी नलूचं कार्ड आलं. मी आधी मनात वाचलं, तर काकी म्हणाली, "तोंडानं वाच."

दिवस गेलेत, पाचवा लागलाय, गाडीचे धक्के नकोत म्हणून सासूनं नाही म्हटलं होतं. खाली लिहिलं होतं, शेंगा वाळल्या का?

"चांगलं झालं," काकी म्हणाली. "चांगलंच झालं नं." आणि भरल्या घागरी होत्या तरी पाण्याला गेली.

"तुमीच जा नं," मी संध्याकाळी म्हणालो.

"बलावल्याबिगर?"

तेव्हा मीच गेलो. काकीनं बिया चुलीच्या राखेत घोळून, फडक्यात बांधून दिल्या. दिग्रसहून यवतमाळ, तिथून वणी, पुढं राजूर. नलूनं गाठ सोडली, पण बिया पाहिल्याच नाहीत. राख चिमटीत घेऊन नाकाशी धरली. बराच वेळ.

"तुरीच्या अन् पराटीच्या काड्याइची होय," ती म्हणाली. "इथं चुलीत सारा कोळसाच जयते."

मग मला खोलीमागची जागा दाखवली. काळी होती, पण आपल्या रानासारखी काळी नाही.

"दादा, पुढच्या खेपेले आईच्या मांडवाखालची माती आनजो. एवढीच." तिनं वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा धुऊन माझ्या हाती दिला.

"आनतो," मी म्हणालो.

पावसाळ्यात तिचं कार्ड आलं. त्यात बाळंतपणाचं एक वाक्य होतं, बाकी सगळं वेलाचं: वीतभर झाला, खिडकीला लागला. काकीनं माझ्याकडून ते तीनदा वाचून घेतलं आणि स्वतःच्या कमरेवर हात ठेवून खिडकी केवढी असेल याचा अंदाज केला.

मी पुढं आर्णीला दुकानात नोकरीला लागलो. राजूरकडं पुन्हा जाणं झालं नाही. डबा माझ्याकडंच आहे.